न दुखणारा काटा

डाळिंबाच्या छाटणीचे दिवस आले, की कळंबच्या त्या वस्तीवर संध्याकाळच्या चहाआधी हात बघायचा रिवाज होता. जयवंता आत्या ओट्यावर पाय खाली सोडून बसायची. नाकावर चष्मा, मांडीवर धुतलेल्या धोतराचा तुकडा, हातात ज्योतीवर धरून घेतलेली सुई. तिचे धाकटे भाऊ वसंतराव, ज्यांना सगळी वस्ती तात्या म्हणायची, समोरच्या पाटावर येऊन बसायचे आणि शाळेत छडी खायला करावा तसा मुकाट्याने हात पुढे करायचे.

डाळिंबाचा काटा दिसायला मोठा नसतो, पण त्याची खोड वाईट. टोचतो, मोडतो आणि टोक आत ठेवून जातो. दिवसभर फांद्या छाटणाऱ्याला असे दहा-बारा काटे लागतात, त्यातला एखादाच लक्षात राहतो. म्हणून आत्याचा नियम होता, की आपला हात आपण बघायचा नाही, दुसऱ्याने बघायचा. तात्यांच्या मुलीने, मनिषाने, लहानपणी विचारलं होतं, असं का. आत्या सुईवरून नजर न काढता म्हणाली होती, "कामाच्या माणसाला स्वतःचं दिसत न्हाय. त्याला काम उरकायचं असतं."

मनिषाकडे तेव्हा बॅटरी धरायचं काम असे. तिची आई ती सहा वर्षांची असताना गेली होती. नवरा गेल्यावर माहेरी आलेली आत्या आणि बोलण्यात काटकसर करणारे तात्या, या दोघांनी तिला वाढवलं, बी.एस्सी. केलं आणि बारामतीला लग्न लावून दिलं. आता तिची चाळिशी उलटली होती. एमआयडीसीतल्या एका दूध प्रकल्पाच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती आणि दुधातल्या पेशी मोजणं हे तिचं रोजचं काम होतं. गाईच्या कासेला दगडी झाली, म्हणजे आतून सूज आली, की तिथे पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि ती दुधात उतरते. गाय सांगत नाही, मालकाच्याही कधी लक्षात येत नाही, पण आकडा वाढलेला दिसतो. मग मनिषा त्या गोठ्यावर फोन लावायची. पंधरा वर्षांत तिने असे कितीतरी फोन केले होते.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात, पावसाळ्यानंतरच्या हस्त बहाराची छाटणी सुरू झाली, तेव्हा ओट्यावर आत्या नव्हती. सात वर्षांपूर्वी काढलेल्या छातीच्या गाठीने पुन्हा डोकं वर काढलं होतं आणि आता दुखणं हाडांत उतरलं होतं. पुण्याला तीन आठवडे रेडिएशन घ्यायचं ठरलं. मनिषाने रजा काढली आणि आत्यासोबत पुण्यात खोली घेऊन राहिली. तात्यांच्या जोडीला मळ्यात झुंबर होता. वीस वर्षं त्या बागेत काम केलेला माणूस, घरातलाच म्हणावा असा.

तात्यांच्या कमरेचे दोन मणके झिजले होते. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी लिहून दिली होती, तीही तीन आठवड्यांपुरती. तीन आठवड्यांनी तात्या काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊन आले. मग मनिषा दर महिन्याला बारामतीच्या एका मेडिकलमधून तीच पाकिटं आणत राहिली. चिठ्ठी जुनी झाली होती, पण दुकानदार ओळखीचा होता. अफूच्या कुळातलं औषध आहे, हे तिला माहीत होतं. वडील चालतात, हेही तिला दिसत होतं.

पुण्याहून ती रोज फोन करायची. काटे लागतात का, हात दुखतो का, हे न चुकता विचारायची. तात्या म्हणायचे, "कायबी दुखत न्हाय. तू तिकडचं बघ."

ते खोटं बोलत नव्हते. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी काटा मोडला होता, आत पिकत होता, आणि त्यांना खरंच दुखत नव्हतं. गोळीतल्या अर्ध्या भागाने दुखणं झाकलं होतं, उरलेल्या अर्ध्याने ताप. पाचव्या दिवशी झुंबरने पाहिलं, की तात्यांच्या हातातून कातर दोनदा पडली आणि ते मेलेल्या बैलाला हाका मारतायत. त्याने हात उलटा करून बघितला, मनगटापर्यंत सुजून तांबडा झालेला. झुंबरने कुणाला विचारत बसण्यात वेळ घालवला नाही. शेजाऱ्याचा पिकअप काढला, तात्यांना पुढे बसवलं आणि तासाभरात बारामतीच्या दवाखान्यात पोचवलं. आणखी एक दिवस गेला असता तर बोलायलाही मिळाले नसते, असं तिथल्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. तात्या त्यानंतर अकरा दिवस होते. त्यातले पहिले दोन दिवस ते पुण्याहून धावत आलेल्या मनिषाशी बोलले. ते दोन दिवस झुंबरने दिले, असं ती आजही मानते.

अतिदक्षता विभागाचे डॉक्टर राजवर्धन वयाने तिच्याहून लहान होते. रोज दुपारी ते बाहेर येऊन दहा मिनिटं तिच्याशी बोलायचे आणि त्या दहा मिनिटांत घड्याळाकडे बघायचे नाहीत. पहिल्या चार दिवसांत त्यांनी सांगितलं, की जंतू रक्तात गेलेत आणि शरीर इतक्या जोराने लढतंय, की त्याच्या आगीत स्वतःचीच किडनी, स्वतःचीच फुप्फुसं भाजतायत. सहाव्या दिवशी त्यांचा आवाज उतरला. आता उलटं झालंय, म्हणाले. लढून लढून ती यंत्रणा थकली आहे. छातीत दुसरा जंतू शिरलाय आणि त्याला कुणी अडवत नाही. मनिषाने विचारलं, पांढऱ्या पेशींचा आकडा तर भरपूर दिसतोय. डॉक्टर म्हणाले, "मोजायला आहेत ताई, कामाला नाहीत."

पंधरा वर्षं पेशी मोजणाऱ्या बाईला हे वाक्य समजावून सांगायची गरज नव्हती.

तिथे एक मावशी होत्या, छबूबाई नावाच्या. त्या रोज सकाळी तात्यांचा उजवा हात कोमट पाण्याने पुसायच्या आणि मिशीला कंगवा फिरवायच्या. तात्यांना शुद्ध नव्हती. मनिषाने एकदा म्हटलं, राहू द्या मावशी, त्यांना कुठे कळतंय. छबूबाई म्हणाल्या, तुम्हाला कळतंय की. अकराव्या दिवशी तात्या गेले, तेव्हा त्यांची मिशी नीट होती.

शेवटच्या दिवशी कागदांवर सह्या झाल्यावर मनिषाने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. मी आणून दिलेल्या गोळ्यांमुळे झालं का हे. त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही, आणि त्याबद्दल ती पुढे फार ऋणी राहिली, पण तेव्हा नाही. ते म्हणाले, "वय एकाहत्तर. साखर होती. काटा पाच दिवस आत राहिला. आणि गोळ्या होत्या, त्यांनी दुखणं आणि ताप लपवला. अशी औषधं दीर्घकाळ घेतली तर प्रतिकारशक्तीही थोडी मंदावते, काही औषधांनी जास्त, काहींनी कमी. यातलं कशाचं किती, हे मला सांगता येणार नाही. सांगितलं तर खोटं होईल."

त्यांनी वाटणी केली नाही, ती मनिषाने स्वतः केली. सगळा भार तिने गोळ्यांवर टाकला, म्हणजे स्वतःवर.

पुस्तकं वाचण्याची सवय असलेल्या माणसाचं दुःखही वाचायला बसतं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा राहून जाई आणि ती संशोधनाचे लेख वाचत बसे. अफूच्या कुळातल्या औषधांना पांढऱ्या पेशींवरही बसायला जागा असते, हे तिला कळलं. ती तिथे बसली, की त्या पेशी सुस्तावतात, जंतूंकडे उशिरा धावतात, त्यांना गिळायला कंटाळतात. आतड्याचं अस्तर सैल होतं आणि आतले जंतू बाहेर झिरपू शकतात. अशी औषधं नियमित घेणाऱ्यांना गंभीर संसर्ग जास्त होतात, असे आकडेही तिने पाहिले. दुसऱ्या काही लेखांत वेगळंही होतं, पण ती पानं तिने भराभर उलटली. हे सगळं तिने कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. संदेश शहाणा माणूस. त्याने विचारलं नाही, फक्त डबा तसाच परत आला, की दुसऱ्या दिवशी तिच्या आवडीची भाजी द्यायचा.

डिसेंबरात आत्याची हाडं बोलायला लागली. रेडिएशनने मिळालेला आराम संपला होता. कूस बदलताना ती ओठ दाबून धरायची आणि नंतर ओठावर दातांचे ठसे दिसायचे. मनिषाने बिनपगारी रजा टाकली आणि कळंबला येऊन राहिली. दुखणाईतांना घरी जाऊन बघणाऱ्या एका संस्थेची नर्स, कौसल्या, दर पंधरा दिवसांनी स्कूटीवरून येऊ लागली. तिच्या डॉक्टरांनी मॉर्फिन सुरू केलं. दर चार तासांनी एक गोळी, रात्री झोपताना दोन, म्हणजे मध्ये उठायला नको. जोडीला बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून एक पातळ औषध. कौसल्याचा पहिला प्रश्न नेहमी पोट साफ होतं का हाच असायचा. आत्या म्हणायची, "ह्या पोरीला माझ्या तोंडात काय रस न्हाय, दुसऱ्याच टोकाची काळजी."

मनिषाने गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि तिला त्यात तात्यांचा डावा हात दिसला.

तिने काय केलं, ते तिने ठरवून केलं असं म्हणता येणार नाही. पहिल्या दिवशी दुपारची गोळी द्यायची राहून गेली. मग संध्याकाळची राहिली. मग रोज सकाळी एक, दुपारी उशिरा एक आणि झोपताना एक, असा तिचाच एक हिशेब सुरू झाला. जितक्या कमी, तितक्या त्या पेशी जाग्या राहतील. आत्या विचारायची, वेळ झाली का गं. मनिषा म्हणायची, थोडी थांब. आत्या थांबायची. थांबायची सवय तिला आयुष्यभराची होती.

पंधरा दिवसांनी कौसल्या आली, तेव्हा थंडीचं ऊन ओट्यावर होतं आणि आत्या आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. कौसल्याने तिचं पोट दाबून पाहिलं, पाठ पाहिली, खाणं विचारलं. दोन घास. झोप विचारली. नाही. मग ती बाहेर आली, ओट्यावर बसली आणि गोळ्यांची पिशवी मागितली. मॉर्फिनच्या गोळ्या मोजून द्याव्या लागतात आणि मोजून परत बघाव्या लागतात, त्यांचा नियमच तसा आहे. तिने पाकिटं एकावर एक रचली.

"ताई, निम्म्या उरल्यात."

मनिषाने वरचं पाकीट सरळ केलं.

"आत्या नको म्हणतात का?"

"नाही. मीच देत नाही."

कौसल्या रागावली नाही. तिने पाकिटं पिशवीत घातली आणि पिशवी बाजूला ठेवली. तेव्हा मनिषाने तिला सगळं सांगितलं. मेडिकल, जुनी चिठ्ठी, पुण्याहून केलेले फोन, अंगठ्याच्या बुडाचा काटा, मोजायला असलेल्या आणि कामाला नसलेल्या पेशी, वाचलेले लेख. दोन महिन्यांत पहिल्यांदाच हे तिच्या तोंडून बाहेर येत होतं आणि ती पाठ केलेला धडा म्हणावा तशी सांगत होती, कुठे न अडखळता.

कौसल्या वडगाव निंबाळकरची. तिच्या घरी दहा म्हशी, त्यामुळे मनिषाचं काम तिला आधीपासून माहीत होतं. ती म्हणाली, "तुम्ही वाचलेलं खोटं नाही. ही औषधं प्रतिकारशक्तीला हात लावतात, मी काही लपवणार नाही. पण दुखणं काय करतं तेही वाचलं असेल ना तुम्ही? पंधरा दिवस त्यांना झोप नाही. अन्न नाही. दुखतं म्हणून खोल श्वास घेत नाहीत, म्हणजे छातीत कफ साठणार. कूस बदलत नाहीत, म्हणजे पाठीला जखम होणार. दुखणंसुद्धा त्याच पेशींना खातं, ताई. तुम्ही ज्या राखायला गेलात, त्या अशानेही जातायत."

मनिषाला ती भराभर उलटलेली पानं आठवली. त्यात नेमकं हेच होतं.

"मग मी काय करायचं?"

"गोळी वेळेवर द्यायची. ती दुखणं झाकणार. झाकलेलं बघायला माणूस लागतं, तो माणूस तुम्ही. तात्यांचा हात बघायला त्या पाच दिवसांत कोणी नव्हतं, तुम्ही दोघी पुण्यात होतात आणि तिथे असणं भागच होतं. इथे तुम्ही आहात."

आत खाट करकरली. दारातून आत आवाज पोचत होता, हे दोघींच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

"मने," आत्याने हाक मारली. "हिकडं ये."

मनिषा आत गेली आणि खाटेशेजारी जमिनीवर बसली. आत्याचं तोंड अजून भिंतीकडेच होतं, वळायचं म्हणजे त्रास होता.

"वसंताला जास्त दिल्या म्हणून मला कमी देतीस व्हय? ह्यो कसला वाटा म्हणायचा?"

आत्याने दम घेतला.

"त्या गोळ्या यायच्या आधी तुझा तात्या कसा व्हता, इसरलीस. ओट्यावरनं बागंकडं बघत बसायचा नुसता. मला म्हणला व्हता, आक्का, आता म्हशीवानी एका जागी बांधलो. मग तू गोळ्या आणल्यास. दोन बहार त्यानं सवताच्या हातानं धरले. रोज बागेत जायचा. आन तू गेलीस बारामतीला, की म्हणायचा, पोरीनं पाय दिलं मला. तुला बोलला नसंल. त्याला कुठं बोलता येत व्हतं."

तात्या हे मनिषाला कधीच बोलले नव्हते. फक्त प्रत्येक वेळी ती परत निघाली, की गाडीच्या डिकीत तिला न विचारता डाळिंबाची एक पाटी ठेवलेली असायची, आणि त्यात सगळ्यात मोठी फळं वर नसून खाली असायची. वरची दाखवायला आणि खालची द्यायला, असं बाजारात करणाऱ्यांना ते नावं ठेवायचे. मुलीच्या पाटीत ते उलटं भरायचे.

तिने घड्याळ पाहिलं. दोनची वेळ टळून वीस मिनिटं झाली होती. तिने पाणी आणलं, आत्याचं डोकं हातावर घेतलं आणि गोळी दिली.

"अफूच न्हवं ही?" आत्याने विचारलं. "आमच्या येळंला रडक्या पोरास्नी बाया चाटवायच्या. मी रडले न्हाय म्हणून मला कुणी दिली न्हाय. आता पाळी आली."

कौसल्याने जाताना एक कागद लिहून दिला. रोज दोनदा ताप मोजायचा, आणि पॅरासिटामॉल द्यायची असली तर त्याआधी मोजायचा, नंतर नाही. तोंडात पांढरा थर आलाय का बघायचं. काखा, पाठ, टाचा, बोटांच्या बेचक्या. लघवी कमी होते का, श्वास भरभर चालतो का, बोलण्यात काही वेगळं येतं का. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताकडे विशेष लक्ष, कारण काखेतल्या गाठी काढल्यापासून तो सुजलेलाच असतो आणि तिथे जंतूंना आडकाठी कमी. आणि शेवटी, दुखतंय का हे विचारायचं, पण उत्तरावर थांबायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या चहाआधी मनिषा आत्याचं अंग बघू लागली. मांडीवर तोच धुतलेला तुकडा, कपाटातून सापडलेला. आत्याला आधी लाज वाटली, मग सवय झाली, मग ती हुकूम सोडू लागली. टाच राह्यली. त्या बाजूनं बघ. बॅटरी नीट धर. मनिषाला वाटलं, चौतीस वर्षांनी आपल्याला बढती मिळाली.

आठवड्याभरात आत्या उठून बसली. भाकरी अर्धी झाली, मग एक झाली. तिने ओट्यावर ऊन खायला यायचं मागितलं, मग मेथी निवडायला मागितली, मग मनिषाची नजर चुकवून विळी घेतली. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी तिच्या सुजऱ्या हाताच्या तर्जनीवर मनिषाला विळीचा बारीक काप दिसला, वाळत आलेला, कुणी दुर्लक्षच करावं असा. पण ती तिथे थांबली नाही. बाही वर सारली. मनगटाच्या वर तळहाताएवढा भाग तांबूस होता आणि हात लावल्यावर ऊन लागत होता.

"दुखतंय?"

"न्हाय की."

ताप शंभराच्या जरा वर. श्वास नेहमीपेक्षा भरभर. मनिषाने पेनाने त्या तांबूस भागाची कड आखली, कौसल्याला फोन लावला आणि झुंबरला हाक मारली. फोनवर बोलताना तिच्या लक्षात आलं, की आपला आवाज गोठ्यावर फोन करताना लागतो तसाच लागलाय, शांत आणि कामाचा. झुंबर पिकअप घेऊन आला, तो आत्याकडे न बघता आधी तिच्या हाताकडे बघत. वाटेत आत्याला हुडहुडी भरली. मनिषाने तिला स्वेटरच्या आत घट्ट धरलं आणि दर काही मिनिटांनी तिला काहीतरी विचारत राहिली. गावचं नाव, झुंबरचं नाव, आज मेथीत किती काड्या निघाल्या. आत्या उत्तरं देत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "परीक्षा घेतीस का माझी?"

दवाखाना तोच होता. डॉक्टर राजवर्धन खाली आले, पेनाने आखलेली कड पाहिली, तांबूसपणा तिच्या बोटभर पुढे सरकलेला पाहिला. रक्त तपासायला गेलं, अँटिबायोटिक शिरेतून सुरू झालं. मनिषाने मॉर्फिनच्या वेळा सांगितल्या आणि विचारलं, बंद करायचं का. ते म्हणाले, किडनीचा रिपोर्ट बघून प्रमाण ठरवू, पण बंद नाही. दुखत ठेवून कुणी बरं होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाली कडेच्या आत आली होती. डॉक्टर दारात थांबले.

"वेळेत आणलंत, ताई."

ऑक्टोबरात तिला हे वाक्य हवं होतं. ते आता मिळालं, दुसऱ्या माणसासाठी मिळालं, आणि तिला आश्चर्य वाटलं, की ते कमी वाटलं नाही. तिने त्यांना सांगितलं, त्या दिवशी तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत, त्याचे आभार मानायचे राहिले होते. डॉक्टरांनी आत्याच्या सलाइनचा वेग उगाच एकदा तपासला.

छबूबाई वरच्या मजल्यावरून मुद्दाम भेटायला आल्या. त्यांनी आत्याचे केस विंचरले. आत्याने त्यांना बजावून ठेवलं, की मार्चात फळ निघालं की घरी यायचं, मोकळ्या हाताने जायचं नाही.

सहाव्या दिवशी दोघी घरी परतल्या. आजार गेला नव्हता, तो जाणारही नव्हता, आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं. कौसल्याने किती महिने, हे सांगायचं टाळलं आणि मनिषाने विचारायचं. गोळ्या वेळेवर चालू होत्या. विळी कपाटावर ठेवली होती आणि आत्या त्यावरून रोज एकदा भांडायची.

मार्चात बाग उतरली. तात्यांनी धरलेला तो शेवटचा बहार. छाटणी त्यांनी अर्धी केली होती, उरलेली झुंबरने त्यांच्याच पद्धतीने पुरी केली होती, आणि कुठली झाडं कुणाच्या हातची, हे झुंबरला अजून दाखवता येत होतं. मनिषा दिवसभर तोडणीच्या बायकांबरोबर बागेत होती. तात्यांच्या हातच्या झाडांची फळं तिने स्वतः तोडली, एकेक, देठाशी कातर लावून. पहिली पाटी छबूबाईंसाठी बाजूला काढली, दुसरी कौसल्यासाठी, तिसरी राजवर्धन डॉक्टरांसाठी. भरताना मोठी फळं तिने खाली ठेवली. झुंबर म्हणाला, उलटं भरताय. ती म्हणाली, आमच्यात असंच भरतात. झुंबरने चौथी पाटी भरायला घेतली ती तशीच.

ऊन कलल्यावर ती ओट्याशी आली, हातपाय धुतले आणि आत्याचं अंग बघायला तुकडा मांडीवर घेऊन बसली. ताप नव्हता. टाचा, बेचक्या, सुजरा हात, सगळं ठीक. तिने तुकडा घडी घालायला घेतला.

"थांब," आत्या म्हणाली. "चष्मा दे माझा. आन सुई."

"आत्या, मला काही लागलेलं नाही. दुखत नाही कुठे."

"मी इचारलंय का दुखतंय म्हणून? हात दाव."

मनिषाने डावा हात पुढे केला. आत्याने तो मांडीवर घेतला, उन्हाकडे वळवला आणि बोटाने चाचपत गेली, तळव्यावरून, बोटांच्या पेरांवरून, अंगठ्याच्या बुडाशी. तिथे ती थांबली. सुईचं टोक कातडीखाली गेलं आणि एक काळा ठिपका वर आला, तिळाहून लहान. आत्याने तो नखावर घेऊन उजेडात धरला, नीट बघितला, आणि पांढऱ्या तुकड्यावर पुसला.

"हं," ती म्हणाली. "आता दुसरा हात."